विंडोजवरून मॅकबुकवर : पहिल्या आठवड्यातलं कुठलं मत खरं धरायचं

लाखाच्या वर पैसे मोजून ब्रँड बदलला की पहिल्याच संध्याकाळी मत द्यावं लागतं. घरचे विचारतात, ऑफिसात शेजारच्या डेस्कवरचा विचारतो, सोसायटीच्या ग्रुपवर ‘घेऊ का?’ म्हणून कुणीतरी टपलेलंच असतं. त्या संध्याकाळी जे वाटतं त्यातलं निम्मं नव्या यंत्राबद्दल नसतंच. ते वर्षानुवर्षं विंडोजवर वळलेल्या बोटांबद्दल असतं, किंवा यंत्र आतल्या आत जे तात्पुरतं काम करत असतं त्याबद्दल. उरलेलं निम्मं पहिल्या तासातच कळतं आणि पुढं सहसा बदलत नाही. हे दोन ढीग वेगळे करता आले तर बरेच वाद आणि बरेच पैसे वाचतात. इथं उदाहरण 14 इंची मॅकबुक प्रोचं घेतलंय, कारण डेल, एचपी, थिंकपॅड सोडून लोक बहुधा तिकडेच जातात.

बोटांची तक्रार आधी. कंट्रोल-सीच्या जागी कमांड-सी आलं, म्हणजे करंगळीचं काम अंगठ्याकडे गेलं. भाड्याच्या घरात पहिल्या रात्री दिव्याची बटणं चाचपडावी तसं होतं. कमांड-टॅब ॲप बदलतं, खिडकी नाही. एकाच ॲपच्या दोन खिडक्यांत जायला कमांड आणि टॅबच्या वरचं उलटं अवतरणचिन्ह. लाल गोळा दाबला की खिडकी जाते, ॲप चालूच राहतं. ते बंद करायला कमांड-क्यू. डिलीट लिहिलेली की प्रत्यक्षात बॅकस्पेस आहे, पुढचं अक्षर खोडायला एफएन धरून डिलीट. फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकच्या फाइल एक्सप्लोररमध्ये, फाइल निवडून एंटर मारलं तर ती उघडत नाही, नाव बदलायचा चौकोन येतो, उघडायला कमांड-ओ. फाइल ‘कट’ करता येत नाही अशी हाकाटी सगळ्यात जास्त ऐकू येते. येते की करता! कमांड-सी करून दुसऱ्या जागी ऑप्शन-कमांड-व्ही.

सेटिंगमध्ये कंट्रोल आणि कमांड यांची अदलाबदल करता येते, आणि पुष्कळ लोक पहिल्याच दिवशी ती करून टाकतात. माझं मत, करू नये. कॉपी-पेस्टचा प्रश्न सुटतो, पण कमांड-टॅब करंगळीवर जातं, टर्मिनलमध्ये चालू काम थांबवायचं कंट्रोल-सी भलत्याच किल्लीवर बसतं, आणि दुसऱ्याच्या मॅकवर बसलात की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आठ-दहा दिवस कळ काढावी, बोटं वळतात. एक बदल मात्र पहिल्या तासात कराच : ट्रॅकपॅडचं टॅप-टू-क्लिक मुळात बंद असतं, ते चालू करा. माउस आणि ट्रॅकपॅड दोन्ही वापरणाऱ्यांना आणखी एक डोकेदुखी आहे. स्क्रोलची दिशा दोघांना मिळून एकच असते. माउससाठी ती उलटी केली की ट्रॅकपॅडचीही होते. वेगळी हवी असेल तर छोटं ॲप टाकावं लागतं. इतक्या वर्षांत हे का सुधारलं नाही, देव जाणे.

दुसरा फसवा ठसा बॅटरीचा आणि तापण्याचा. जुन्या लॅपटॉपमधून दोन-तीनशे जीबीचा डेटा ओतला की मॅकओएसचं शोधायचं साधन, स्पॉटलाइट, प्रत्येक फाइल वाचून तिची सूची बनवायला घेतं, फोटोंचं ॲप चेहरे ओळखत बसतं, क्लाउडवरचं वर-खाली चालूच असतं. कीबोर्डच्या वरची पट्टी कोमट होते आणि बॅटरी दुपारीच उतरते. ‘अठरा तासांची म्हणे बॅटरी!’ असा टोमणा याच दोन-तीन दिवसांत मारला जातो. ॲक्टिव्हिटी मॉनिटर, म्हणजे मॅकचा टास्क मॅनेजर, उघडून सीपीयूच्या रकान्यात वरच्या ओळी पाहा. एमडीएस किंवा एमडीवर्करनं सुरू होणारी नावं दिसली तर सूची अजून चालू आहे. चार्जर लावून रात्रभर सोडा. आठवडा उलटूनही ताप आणि गळती तशीच राहिली तर ते खरं, आणि तेव्हा पहिला संशय ब्राउझरच्या एक्स्टेन्शनांवर आणि इंटेलच्या चिपसाठी लिहिलेल्या, रोझेटा या दुभाष्यातून चालणाऱ्या जुन्या ॲपवर घ्या.

मेमरीचंही तसंच. टास्क मॅनेजरची सवय असलेल्याला 16 पैकी 13 जीबी भरलेली पाहून धस्स होतं. मॅकओएस रिकामी मेमरी रिकामी ठेवतच नाही. खाली मेमरी प्रेशरचा आलेख असतो. तो हिरवा आहे तोवर आकड्यांकडे बघू नका. नेहमीच्या कामात तो वरचेवर पिवळा होत असेल तर मात्र मेमरी खरंच कमी घेतली गेली आणि त्याला नंतर इलाज नाही, कारण मेमरी चिपच्याच पुडक्यात बसलेली असते. विंडोज लॅपटॉपसारखं ‘पुढच्या वर्षी आठची पट्टी टाकू’ हे इथं चालत नाही. म्हणूनच हा आकडा दुकानात शिरायच्या आधी ठरवायचा. साठवणीला बाहेरची एसएसडी जोडता येते, मेमरीला काही जोडता येत नाही. पैसे एकाच ठिकाणी वाढवायचे असतील तर मेमरीत वाढवा.

आता ज्यावर विश्वास ठेवायचा ते. स्क्रीन. 3024 बाय 1964 बिंदू, इंचाला 254. देवनागरी वाचणाऱ्याला हा फरक रोमन वाचणाऱ्यापेक्षा जास्त जाणवतो. जोडाक्षरातला अर्धा भाग, रफार, अनुस्वाराचा ठिपका, ‘कृ’च्या पायाचा ऋकार हे सगळं बारा पॉइंटातही सुटं दिसतं. पण याच स्क्रीनचे दोन दोषही पहिल्या दिवशीच दिसतात आणि ते जात नाहीत. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असली की त्यांच्याभोवती किंचित धुरकट वलय येतं, कारण मागचे मिनी-एलईडी गटागटानं उजळतात, बिंदूबिंदूनं नाही. आणि मजकूर भराभर सरकवला की अक्षरांमागे पुसट शेपूट राहतं. अंधाऱ्या खोलीत डार्क मोडवर काम करणाऱ्यानं हे दुकानातच बघून घ्यावं. डोळे किंवा डोकं दुखायला लागलं तर ‘सवय होईल’ म्हणून रेटू नये. मिनी-एलईडीची उजेड कमी-जास्त करण्याची पद्धत काहींना मानवत नाही, आणि तिथं सवयीचा संबंध नसतो.

ट्रॅकपॅडही पहिल्या मिनिटात कळतो. गंमत म्हणून यंत्र पूर्ण बंद करून तो दाबून पाहा : दगडासारखा घट्ट, क्लिक होतच नाही. चालू असताना जो ‘टक्’ जाणवतो तो आतल्या कंपनानं तयार केलेला असतो. त्यामुळे कुठल्याही कोपऱ्यात दाबलं तरी सारखाच लागतो, आणि वर्षभरानं एका बाजूला सैल झालेलं बटण हा प्रकार उरत नाही.

अॅल्युमिनियमवरच्या झिणझिण्यांबद्दल फार कमी लिहिलं जातं. चार्जर लावलेला असताना मनगट हलकेच कडेवरून सरकवलं की पृष्ठभाग खरखरीत, थरथरल्यासारखा लागतो. चार्जर काढला की गुळगुळीत. विंडोजच्या प्लास्टिक किंवा कार्बन-फायबरच्या बॉडीवरून, तीन पिनांच्या जाड अडॅप्टरवरून आलेल्याला हे नवीन असतं आणि बरेच जण घाबरून यंत्र सदोष ठरवतात. अडॅप्टरच्या आत मुख्य वीज आणि बाहेर येणारी वीज यांच्यामध्ये गोंगाट दाबण्यासाठी एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अगदी सूक्ष्म करंट पाझरतो. अर्थिंग असेल तर तो तिकडे निघून जातो. नसेल तर धातूच्या बॉडीवर येऊन बसतो. अडॅप्टर चांगला असेल तर हा करंट धोक्याच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतो. बनावट अडॅप्टरची मात्र कुणी हमी देऊ नये.

उपाय सोपा आहे. अॅपलच्या अडॅप्टरचं प्लगचं टोपण सरकवून काढलं की खाचेत धातूची एक गोल घुंडी दिसते. तीच अर्थची जोडणी. दोन पिनांचं टोपण लावलं की ती कशालाच जोडली जात नाही. तीन पिनांची लांब केबल वेगळी घेतली की ती घुंडी अर्थला मिळते आणि झिणझिण्या थांबतात. तरीही थांबल्या नाहीत तर दोष भिंतीत आहे. सदाशिव-नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांमध्ये आणि काही पन्नास वर्षांच्या सोसायट्यांमध्ये सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागं तारच नसते. वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा : फेज आणि अर्थमध्ये फेज-न्यूट्रलइतकेच, म्हणजे 230च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये चार-पाच व्होल्टच्या वर दिसत असेल तर अर्थिंग दुरुस्त करून घ्या. ते काम लॅपटॉपसाठी नाही, गिझरसाठी तरी करायलाच हवं.

उन्हाचं एक वाक्यात : कंपनी वापरासाठी 35 अंशांपर्यंतचं तापमान सांगते, ठेवण्यासाठी 45 पर्यंतचं, आणि एप्रिलमध्ये पुण्यात सावलीतच 40 गाठलं जातं, तेव्हा हिंजवडीच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडीत लॅपटॉप ठेवून जाऊ नका.

खरी पंचाईत यंत्रात नसून जुन्या मराठी फायलींत आहे, आणि ती बहुतेकांना जुना लॅपटॉप विकून झाल्यावर कळते.

पुण्यात मराठी टायपिंगचा इतिहास घरचाच. 1988 साली इथं सुरू झालेल्या सी-डॅकचं आयएसएम, इथल्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी, आणि बाहेरून आलेला कृतिदेव. अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांकडे, पेठांतल्या छपाईवाल्यांकडे, वकिलांच्या टायपिस्टकडे वर्षानुवर्षांचा मजकूर याच फाँटांत पडलेला आहे. हा मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखाच वाचला जाणारा, नाही. आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. नव्या यंत्रावर तो फाँट नसला की मृत्युपत्राच्या मसुद्याच्या जागी कंस, टक्केचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, पण शोधता येत नाही, ईमेलमध्ये चिकटवता येत नाही.

जुना लॅपटॉप हातात असतानाच तीन कामं करायची. जिच्या मांडणीला महत्त्व आहे अशी प्रत्येक फाइल फाँट अंतर्भूत करून पीडीएफ करा. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधल्या फाँट्समध्ये जाऊन वापरात असलेल्या फाँटांच्या टीटीएफ फायली बाजूला काढा. परवाना परवानगी देत असेल तर त्यातले पुष्कळसे मॅकवर बसतात. डोंगलवर, म्हणजे यंत्राला लावायच्या परवाना-किल्लीवर, चालणारी पॅकेजं तशी हलत नाहीत, ती जुन्याच यंत्रावर चालतील असं धरून चाला. आणि पुढं ज्यात बदल करायचे आहेत तो मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणा. मग वाचून काढा. फाँटाच्या प्रत्येक आवृत्तीत काही चिन्हांच्या जागा बदललेल्या असतात, त्यामुळे चुका ठरावीक ठिकाणी होतात : रफार एक अक्षर मागं-पुढं सरकतो, पहिली वेलांटी शेजाऱ्याला चिकटते, ‘द्ध’ आणि ‘द्द’ यांची अदलाबदल होते, आणि ‘ऱ्या’चा तर हमखास ‘र्या’ होतो. शोधा-आणि-बदला एकदम सगळीकडे चालवू नका, नाहीतर ‘सूर्या’चाही ‘सूऱ्या’ होऊन बसेल. पानं मांडायच्या पेजमेकरच्या फायली ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तर जुनं यंत्र विकायचा विचारच सोडावा. ते सॉफ्टवेअर 2001 च्या सातव्या आवृत्तीवर थांबलं आणि आजच्या मॅकवर चालत नाही.

युनिकोड फायलींचंही थोडं दुखणं असतं. विंडोजवर मंगल किंवा निर्मला यूआयमध्ये लिहिलेलं पत्र मॅकवर उघडलं की जागी कोहिनूर देवनागरीसारखा दुसरा फाँट येतो, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात, एक पानाचं पत्र दीड पानाचं होतं. दोन्हीकडे मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी बसवून तोच वापरला की प्रश्न मिटतो, दोन्ही फुकट आहेत.

टाइप करायला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनपुट सोर्समध्ये देवनागरी जोडा. इनस्क्रिप्ट येणाऱ्याला फार शिकावं लागत नाही : र जे वर, शिफ्ट-जे वर ऱ, ल एन वर, शिफ्ट-एन वर ळ. ‘दुसऱ्या’ लिहायचं तर ऱ, हलन्त, य, काना. रोमनमधून ‘mi’ मारून ‘मी’ मिळवायची सवय असलेल्यांसाठी देवनागरी-क्वर्टी आहे, पण त्याचे नियम विंडोजच्या फोनेटिकपेक्षा वेगळे आहेत आणि सुरुवातीला चिडचिड होते. एक सेटिंग मात्र रोजच्या रोज उपयोगी : कॅप्स लॉकनं इंग्रजी-मराठी बदल. डाव्या करंगळीचा एक टोला आणि भाषा बदलली. विंडोजच्या विन-स्पेसपेक्षा मला ते कधीही बरं वाटतं.

याच ‘ऱ’ची आणखी एक खोड. युनिकोडमध्ये तो एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि ‘र’ अधिक नुक्ता (खालचं टिंब) असा दोन तुकड्यांतही. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या डिस्कवर फाइलचं नाव आपोआप तुकड्यांत साठतं. ‘दुसऱ्या हप्त्याची पावती’ नावाची फाइल तिथून विंडोजवर गेली की डोळ्यांना नाव तेच, शोधलं तर सापडत नाही, आणि शेजारी हुबेहूब त्याच नावाची दुसरी फाइल बसू शकते. ये-जा करणाऱ्या डिस्कसाठी एचएफएस प्लस नकोच. एनटीएफएसही नको, मॅक ते फक्त वाचतो, त्यावर लिहीत नाही. उरतं एक्सफॅट. दोन्हीकडे चालतं, चार जीबीची मर्यादा नाही. पण त्यात जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेलं लिखाण सावरणारी नोंद, नसतं, म्हणून इजेक्ट न करता केबल ओढली तर एखाद्या फाइलवर नव्हे, अख्ख्या डिस्कवर पाणी सोडायची वेळ येऊ शकते.

केबलवरून आठवलं. बॉक्समधली चार्जिंगची केबल मॅगसेफची असते, तिच्यातून डेटा जातच नाही, आणि वेगळी घेतलेली चार्जिंगची टाइप-सी केबल डेटासाठी बहुधा यूएसबी 2च्याच वेगाची असते, 480 मेगाबिट. प्रत्यक्षात सेकंदाला चाळीसच्या आत-बाहेर मेगाबाइट, म्हणजे 500 जीबीला साडेतीन तास. दहा गिगाबिटच्या केबलवर आणि तितक्याच वेगाच्या एसएसडीवर हेच काम दहा-पंधरा मिनिटांचं. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात किंवा ऑनलाइन केबल घेताना नुसतं ‘टाइप-सी’ म्हणू नका. वेग आणि वॉट दोन्ही विचारा.

ऑफिसच्या मॉनिटरवर मात्र खरा अपेक्षाभंग होतो. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, कुठल्याही हॉट-डेस्कवर एक डॉक आणि दोन 24 इंची फुल-एचडी मॉनिटर असतात. डॉक एमएसटी पद्धतीचा, म्हणजे एकाच जोडणीतून अनेक पडदे चालवणारा, असेल तर विंडोज लॅपटॉपला दोन वेगळे पडदे मिळतात, मॅकला दोन्हीवर एकच चित्र. सेटिंग शोधत बसू नका, मॅकओएस एमएसटीनं पडदा वाढवतच नाही. थंडरबोल्ट डॉक हवा, नाहीतर एक मॉनिटर एचडीएमआयला आणि दुसरा टाइप-सीला थेट जोडा. शिवाय 2018 च्या मोहावेपासून मॅकओएसनं सबपिक्सेलवर, म्हणजे बिंदूतल्या लाल-हिरव्या-निळ्या कणांच्या आधारानं, अक्षरं गुळगुळीत करणं सोडलं. इंचाला 92 बिंदूंच्या त्या मॉनिटरवर देवनागरी पुसट, जाडसर दिसते, तीही शेजारच्या झगमगीत लॅपटॉपशी तुलना होत असताना. 27 इंची 4के घेतला की वाचण्याजोगं होतं. हा सात-दहा नव्हे, चांगला पंधरा-वीस हजारांचा वरखर्च आहे, तो लॅपटॉपच्या किमतीतच धरावा.

न येणाऱ्या गोष्टींची यादी छोटी आहे पण कडक आहे. टॅलीप्राइम विंडोजचं आहे. मायक्रोसॉफ्ट अॅक्सेस मॅकवर नाही, एक्सेलमध्ये पॉवर पिव्हट नाही. जीएसटी, आयकर किंवा ई-टेंडरसाठी डिजिटल सहीचं डीएससी टोकन वापरणाऱ्यांनी आपल्या टोकनचा मॅकचा ड्रायव्हर आहे का आणि पोर्टलची सही करणारी युटिलिटी त्यावर चालते का, हे दोन्ही आधी पाहावं. एक चाललं आणि दुसरं नाही चाललं तरी सही होत नाही. अॅपलच्या स्वतःच्या चिपवर (अॅपल सिलिकॉन) बूटकॅम्प, म्हणजे मॅकवर थेट विंडोज चालवायची सोय, नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं ते एआरएम चिपसाठीचं विंडोज, आणि टोकनचे जुने ड्रायव्हर तिथंही अडतात. सीए, कंत्राटदार आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्यांनी एवढ्या एका कारणासाठी जुनं यंत्र मार्चअखेर होईपर्यंत तरी कपाटात ठेवावं.

दुकानात सील फोडल्यावर ‘आवडला नाही’ म्हणून परत घेणारा विक्रेता क्वचितच भेटतो. म्हणून काउंटरवरच वीस मिनिटं काढायची. बॉक्सवरचा, यंत्रातला आणि जीएसटी बिलावरचा सिरियल नंबर एकच आहे ना ते पाहा. बिलावर तो छापलेला नसेल तर छापून घ्या. सिस्टिम रिपोर्टमध्ये पॉवरखाली बॅटरीचे सायकल दिसतात, नव्या यंत्रात ते एक आकडी असले पाहिजेत. पांढरं आणि काळं चित्र पूर्ण पडद्यावर उघडून मेलेले बिंदू शोधा. तिन्ही टाइप-सी पोर्टांना आळीपाळीनं चार्जर लावा. धंद्यासाठी घेत असाल तर 18 टक्क्यांचं इनपुट क्रेडिट मिळण्यासाठी बिलावर आपला जीएसटी नंबर त्याच वेळी घालून घ्या, नंतर बिल बदलून मिळवणं हा वेगळाच उद्योग होतो.

जुनं यंत्र देण्याआधी शेवटचं : विंडोजमध्ये डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर चालू आहे का बघा. बऱ्याच लॅपटॉपांत ते मालकाच्या नकळत चालू झालेलं असतं. पुढं कधी ती डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडायची वेळ आली तर 48 अंकी रिकव्हरी की लागते, ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करून आजच उतरवून ठेवा. मग पीडीएफ केलेल्या फायलींपैकी चार-पाच मॅकवर उघडा, त्यातली एक छापून बघा, मॅकच्या टाइम मशीन या साधनाचा एक पूर्ण बॅकअप होऊ द्या. त्यानंतर जुना विका.